तुम्ही संत्रं सोलत होता

गुरुजी, आज सौंसरच्या कबड्डीच्या मैदानावर पोरांनी मला मानाची खुर्ची दिली, पण माझ्याने बसवलं नाही. उठून रेषेजवळ गेलो आणि नव्या पंचाचे पाय पाहत उभा राहिलो, तुम्ही माझे पाहायचे तसे. रेषेची चुन्याची फक्की नीट पडली का, शिट्टीत धूळ तर गेली नाही, याच्या हातून चूक झाली तर, असं सारखं मनात येतं. सून म्हणते, "बाबाजी, सामना त्यायचा अन् घाम तुमाले!"

मी सातवी नापास, जिनिंगमध्ये कापूस ओढणारा. खेळायला भ्यायचो, म्हणून रामाकोन्याच्या शाळेच्या पटांगणाबाहेर बसून नुसता बघायचो. तुम्ही तिथले व्यायामाचे मास्तर. एकदा जवळ येऊन म्हणालात, "तू भितो ना, म्हणूनच तुले दिसते. बेफिकीर माणसाले रेष दिसत नाही." तेव्हाच तुम्ही माझं सगळं ठरवून टाकलंत. आधी रेषेवरचा पंच, ते जमलं की शिट्टी, मग जिल्ह्याच्या पंचांची परीक्षा. "एक पायरी पक्की झाल्याबिगर दुसरीचं नाव काढाचं नाही," म्हणालात.

तुमच्या स्वयंपाकघरातली तालीम अजून डोळ्यांपुढे आहे. काकू भाकरी थापताहेत, थापता थापता "कबड्डी, कबड्डी" म्हणताहेत आणि मधेच चोरून श्वास घेताहेत. मी डोळे मिटून बसलोय. श्वास तुटला की चिमटा तव्यावर वाजवायचा. काकू वैतागतात, "भाकर जळून राहिली, अन् याले माह्या श्वासाची पडली!" तुम्ही हसता, पण मी चुकलो की तुमचं हसू जातं.

माझ्या प्रत्येक सामन्याला तुम्ही रेषेमागे उभे असायचात. तुमची नजर पायांवर असली की माझा हात अर्ध्यातच थांबायचा. लोधीखेड्याला तुम्ही सगळ्यांसमोर बोललात, "शिट्टी एक सांगून राहिली, हात दुसरंच. लोकायनं कोणाचं आयकावं?" त्या दिवशी मी जेवलो नाही.

मग पांढुर्ण्याचा तो अंतिम सामना. समोर सावरगाव, मधे नुसती जाम नदी. दर पोळ्याला दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकणाऱ्या या दोन गावांत पंच होणं म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. जिल्ह्याचे परीक्षक बसलेले. हा सामना निभावला तर यादीत नाव, नाहीतर पुन्हा जिनिंग आणि रेष. गुण बरोबरीत, वेळ संपत आलेली, चढाई पांढुर्ण्याच्या जुन्या खेळाडूची. तो हुतूतू म्हणत लहानाचा मोठा झालेला. नव्या नियमात मात्र कबड्डीच म्हणायचं. त्यानं एकाला शिवलं, दोघांनी त्याचा पाय धरला, आणि ओढाताणीत त्याच्या तोंडून लहानपण बाहेर आलं, "हुतूतूतू." तसाच रेषेवर हात टेकला. पांढुर्णा नाचू लागलं.

मी शिट्टी मारली. हात पूर्ण वर गेला. गुण नाही, चढाई सावरगावला.

"अबे, हुतूतू काय शिवी हाय का बे?"

"याच रस्त्यानं घरी जाचं हाय ना तुले?"

माझा हात मात्र खाली आला नाही. तो खेळाडूच लोकांना आवरत पुढे आला. "चूप रहा बे. निंगालं माह्या तोंडातून. पंच बरोबर हाय." पुढच्या चढाईत सावरगाव जिंकलं.

मी वळून रेषेमागे पाहिलं. तुम्ही नव्हता. तुम्ही दूर निंबाखाली, मैदानाकडे पाठ करून, संत्रं सोलत होता.

"गुरुजी, तुमी पाह्यलंच नाही?"

"पाहाचं काय त्यात?" अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवून तुम्ही विचारलंत, "आता पुढं काय ठरवलं?"

"भोपाळ. राज्याचा पंच," मी म्हणालो. तुम्ही खूश झालात.

यादीत नाव लागलं. तुम्ही वारल्यानंतर भोपाळलाही जाऊन आलो, मोठ्या मैदानावर उभा राहिलो, चांगलं झालं. आता हे पत्र शिट्टीच्या डबीत घडी करून ठेवतो, दुसरीकडे कुठे टाकणार? पण गुरुजी, भोपाळ मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हटलं होतं. मी मनात ठरवलेलं एवढंच होतं, की एकदा तरी मी रेषेवर असताना तुमची पाठ माझ्याकडे असावी. ते तर तुम्ही निंबाखाली संत्रं हातात घेतलंत तेव्हाच झालं होतं.