एका घरातले दोन नवस

९ डिसेंबर ९६, सोमवार
भास्करचा गुडघा कसा आहे? सूनबाई हेल्गाची डोकेदुखी थांबली का? नातू निखिलचा घोटा? इकडे सुरतला भास्करच्या मायची कंबर तीच, माझा खोकला तोच. शेजारच्या कापडाच्या लुमांमुळे, यंत्रमागांमुळे, भिंत थरथरते, तिचीही तब्येत तशीच. लिहायला शिकलो ते पत्रांवर, म्हणून वही स्वतःची असली तरी सुरुवात अशीच होते. असू दे.

वही कशाला, तर भास्करचा फॅक्स ऑस्ट्रियाहून जयंतीभाईंच्या सुताच्या दुकानात येतो. मराठीत, लेकाच्या हातचा. पण तो गुळगुळीत कागद उन्हाळ्यात कोरा पडतो. गेल्या सालचे सगळे पांढरे झाले. यंदा आला की लगेच इथे उतरवायचा.

आजचा: नातू ऑस्ट्रियाकडून खेळतो, पण वरच्या फळीत नाही, खालच्या. तिला तिकडे ‘ब’ म्हणतात. पहिल्या दिवशी स्की बांधून बर्फाच्या उतारावरून उडी. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या जातीच्या स्की बांधून पंधरा किलोमीटर पळणं. उडीत जो पुढे तो आधी सुटतो, बाकीचे पाठीमागून त्याला गाठायला. जो आधी पोचला तो जिंकला. नि. उडीत दुसरा. पळताना बरेच जण पुढे निघून गेले. नववा.

खाली भा.ने लिहिलंय, हंगाम संपताना पहिल्या तिघांत राहिला तर वरच्या फळीत घेतील आणि एप्रिलपासून त्यांचा सराव. नाही घेतलं तर आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, सुरतला पाठवतो, महिनाभर.

वाचून दाखवलं. भा.ची माय तांदूळ निवडत होती. म्हणाली, “म्हणजे हारना तर येई.”

१७ डिसें.
काल फॅक्स नाही. स्पर्धाच नव्हती म्हणे, बर्फ कमी. बर्फसुद्धा कमी पडतो ही नवीन माहिती.

चहा सोडून आठ दिवस झाले. घरात सांगितलंय ॲसिडिटी आहे. खरं म्हणजे सप्तशृंगीला नवस बोललोय, नातू वरच्या फळीत गेला की तुझं नाव घेऊन पहिला चहा पिईन. पोरगं एवढं उडतं, त्याला ‘ब’ मध्येच का ठेवायचं?

डोकं दुखतं. खूप.

२३ डिसें., सोमवार
उडीत पहिला, पळण्यात मागे पडून पाचवा. जर्मनीत. जयंतीभाईंनी विचारलं, “दादा, छोकरो उड्यो के?” म्हटलं उडाला, पण पाय मागे पडतात. ते म्हणाले, आमच्याकडच्या व्यापाऱ्यांचं उलटं, पाय पुढे असतात, उडत कोणी नाही.

गल्लीत भरिताचा बेत होता. जळगावहून हिरवी वांगी आणलेली, तुरीच्या काड्यांवर भाजली, वास आमच्या बमरोली वस्तीभर. भा.ची माय बसली पण पानात घेतलं नाही. आंबट ढेकर येतात म्हणाली. हिला भरीत सोडताना मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. डॉक्टरकडे न्यायला हवं.

१५ जानेवारी ९७
काल उत्तरायण. सगळी सुरत गच्चीवर, सगळ्यांच्या माना वर. मीही चढलो, धाप लागली. एवढ्या पतंगांत माझं लक्ष मात्र पतंगाखालच्या रिकाम्या जागेकडे. उडीत नि. अशाच जागेत असतो, दोन-चार श्वास. दोर नाही, काही नाही.

पोंकही आलाय बाजारात. ज्वारीचे कोवळे हिरवे दाणे, वर लिंबू-मिऱ्याची शेव. निखिलने हा कधी खाल्ला नाही, खाणारही नाही. पोंकाचे दिवस आणि त्याच्या बर्फाचे दिवस एकच. तो येणार तो उन्हाळ्यात. आला तर.

२० जाने., सोमवार
पाकिटातून फोटो आला! नि. हवेत. पुढे झुकलेला, हात मागे, स्की पुढे फाकवलेल्या, नाक जवळपास टोकांना टेकलेलं. मला वाटलं देवाचा माणूस. भा.ची माय म्हणाली, “हा पडी राहिना ना?” पडत नाहीये म्हटलं, असंच उडतात. ती फोटोवर बराच वेळ बोट फिरवत बसली. म्हणाली, जॅकेटाला अस्तर दिसत नाही.

सात वर्षांचा असताना आला होता. लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, कापडाच्या ताग्यांच्या ढिगावर चढला, तिथून सुताच्या पोत्यांवर उडी. हिने एक धपाटा घातला. रडला नाही. वर बोट दाखवून विचारलं, “परत?” तेवढाच मराठी शब्द त्याला नीट येत होता.

३ फेब्रु., सोमवार
पहिला! उडीत पहिला आणि पळण्यातही कोणाला पुढे जाऊ दिलं नाही. चेक देशात. एकूण गुणांत आता तिसरा. जयंतीभाईंनी दुकानात पेढे वाटले, समोर चहा ठेवला. नको म्हटलं. तोंडाला पाणी सुटलेलं त्यांनी पाहिलं असणार.

घरी सांगितलं. भा.ची माय हसली, बरं झालं म्हणाली, आणि देवासमोर जाऊन बसली ती उठेचना.

४ फेब्रु.
नळावर शेजारची कमल बोलून गेली, “काका, काकूंना सांगा, नातू येईस्तोवर वांगं नाही म्हणजे जरा जास्तच होतं.” मी बादली भरून सांडेपर्यंत उभा.

घरी विचारलं. हो म्हणाली. सप्तशृंगीला बोललीये, नि. घरी आला की भरीत करीन, तोवर तोंडाला लावणार नाही. मग मलाही सांगावं लागलं.

ती म्हणाली, “एकच देवी, एकच घर, आणि मागणं हे असं? तिनं करायचं काय?” मी म्हटलं, माझं आधीचं आहे. ती म्हणे, तुमचं सोमवारचं, माझं त्याच्या आधीच्या शुक्रवारचं. शुक्रवारी तर फॅक्सही आला नव्हता, म्हटलं. म्हणाली, फॅक्स लागतो का त्याला? दरसाल आखाजीला गल्लीतल्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. आपल्याला लेक नाही. आपल्या दारात त्या दिवशी कोण येतं?

मी सुपारी कातरत बसलो.

१७ फेब्रु., सोमवार
उडी बिघडली. आडवा वारा. पळून पळून बारावा. फॅक्स वाचताना मला हलकं वाटलं, ते आधी कळलं, आणि मग लाज वाटली. कोणत्या आजोबाला असं वाटतं? घरी सांगताना हळहळ जरा जास्तच दाखवली. भा.ची माय हळहळली नाही, खूशही झाली नाही. घोटा दुखावला का एवढंच विचारत राहिली. फॅक्समध्ये घोट्याचं काही नाही.

आता रोज देवीपुढे जातो आणि काही न मागता परत येतो. हात जोडायचे, उभं राहायचं, झालं. ती काय मागते विचारलं. म्हणाली, “मीबी उगाच उभी राहस.”

१० मार्च, सोमवार
चौथा. एकूणात अजून तिसराच, पण मागचा गुणांत अगदी जवळ येऊन टेकलाय. शेवटची स्पर्धा नॉर्वेत, येत्या शनिवार-रविवारी. भा. लिहितो, फोनच करू, पांडेसऱ्याच्या एसटीडी बूथवर रविवारी सहाला थांबा.

१६ मार्च, रविवार
साडेपाचपासून बूथवर. ही नवीन लुगडं नेसलेली, फोनवर दिसणार असल्यासारखी.

फोन आला. भास्कर नव्हे, नि. स्वतः. आवाज बाप्याचा झालाय. अडखळत मराठी, मध्ये मध्ये थांबून शब्द शोधतो. सहावा आला, पण एकूणात तिसरा टिकला. वरच्या फळीने बोलावलंय. मी शाबास म्हटलं. मग तो म्हणाला, “आजोबा, मी अजून हो नाही म्हटलं. जागा पुढच्या वर्षी पण मिळेल, कदाचित. तुम्ही सांगा. ये म्हणा, मी येतो.”

बूथवाला घड्याळाकडे बघत होता. तीन महिने चहा सोडलेला माणूस मी, आणि ‘जा’ हा एक शब्द तोंडातून निघेना. ‘ये’ तर अगदी ओठावर. हिने रिसीव्हर माझ्या हातातून काढून घेतला.

“पहिले उडी मार भाऊ,” ती म्हणाली. “मंग घर ये. मी शे ना अठेच.”

इथेच आहे हे दोनदा सांगितलं, मग घोटा कसा आहे, जेवतोस का, जॅकेटाला अस्तर आहे का. तिकडून काय म्हणाला मला ऐकू आलं नाही. तिने फोन ठेवला. विचारलं तर म्हणाली, “विचार करीसन सांगस म्हणे.”

परत येताना रिक्षा नको म्हणाली. पांडेसऱ्यापासून चालत आलो. 

२५ मार्च
होळी झाली. फॅक्स नाही, फोन नाही. जयंतीभाई दुकानातूनच मान हलवून नाही म्हणतात, मला आत जावंच लागत नाही.

सकाळी भा.च्या मायने चहा आणून ठेवला. तुमचा नवस पुरा झाला, प्या म्हणाली. म्हटलं, अजून हो म्हटलेलं नाही त्याने. आणि तुझं? म्हणाली, “मना राहू दे.” आणि उधन्याच्या बाजारातून आणलेला दोर पिशवीतून काढून ओढून बघायला लागली. झोक्याचा. कशाला आणलास विचारलं तर म्हणे, गल्लीतल्या पोरींना लागतोच. पण दोर चांगला जाड घेतलाय. पोरींना एवढा लागत नाही.

चहा निवला. मी तो तसाच ठेवलाय.

निखिल, वही माझी आहे पण हे तुला. काय ठरवलंस ते कळव. येणार असशील तर कळव, नसशील तरी कळव, आजीला मी सांगेन. फॅक्स नको, तो पांढरा पडतो. शाईने लिही, दोन ओळी चालतील, आणि लवकर लिही.