माझ्या तोंडाची हकीकत

भुईगाव,
२२ मे १९८४

प्रिय रोझमेरी,

पाकिटावरचं अक्षर पाहून तू जरा थांबली असशील. गेले आठ महिने घरून आलेलं प्रत्येक पत्र तुझ्या आईच्या हातचं होतं आणि त्यात माझ्यापुरती एकच ओळ असायची, 'बाबा बरे आहेत, वाडीत गेलेत.' ती ओळ मीच तिला लिहायला लावत होतो. मी वाडीत वगैरे गेलेलो नसायचो. तिच्यासमोरच पडवीतल्या बाकावर बसलेला असायचो. एकदा लिहिता लिहिता ती वैतागून म्हणाली, "दर महिन्याला फादरांपुढे कुमसार करताना हे एकच पाप सांगते मी. आता त्यांनासुद्धा पाठ झालंय." तरी मी कागदावर बोट ठेवून दाखवलं, लिही म्हणून. तिला दोष देऊ नकोस. या घरात जे काही लपवलं गेलं ते माझ्या हट्टापायी.

वाडी ठीक आहे. केळीचे दोन खुंट मागच्या वाऱ्यात आडवे झाले, पण पानवेली चांगल्या आहेत. वाडी शिंपायला आठवड्यातून तीनदा धर्मा येतो. हो, तोच धर्मा, खाडीकाठचा, जयरामचा बाप. त्याचं नाव माझ्या हातून लिहिलेलं बघून तुला काय वाटेल ते मला कळतं. सगळं क्रमाने सांगतो, नाहीतर मधेच हात थांबेल आणि पत्र पुन्हा तसंच राहील. याआधी तीनदा राहिलं आहे.

१९८१ च्या नाताळात तू बहारीनहून सुटीवर आली होतीस. एका दुपारी जेवताना मी आमटी तिखट झाली म्हणून तुझ्या आईवर ओरडलो आणि तू म्हणालीस, आमटी नेहमीसारखीच आहे, तुमचं तोंड दाखवा. मग खिडकीशी नेऊन बॅटरी लावून तू माझी जीभ बाजूला ओढून पाहिलीस. डाव्या बाजूला, जिथे मी पानाचा विडा धरून ठेवायचो, तिथे तुला पांढरा डाग दिसला. त्याच्या कडेला लाल. तू बॅटरी बंद केलीस आणि तुझा चेहरा एकदम नर्सचा झाला. म्हणालीस, "बाबा, तंबाखू आणि सुपारी आजपासून बंद. आणि महिन्याच्या आत परळच्या मोठ्या हॉस्पिटलात जाऊन हे दाखवायचं. आत्ता दाखवलंत तर एवढंसं काम आहे." मी हो म्हटलं. खरंच जाणार होतो.

पण त्याच आठवड्यात तू जयरामचं सांगितलंस. तो तिकडे बहारीनच्या गोदीत फिटर आहे, दोन वर्षं तुमची ओळख आहे, तुम्हाला लग्न करायचं आहे. त्या दिवशी मी काय काय बोललो ते तुझ्या लक्षात असेलच. तू विमानतळावर जायला निघालीस तेव्हा आई क्रुसापर्यंत आली, मी दारातूनच म्हणालो, "त्याचं नाव घेणार असशील तर या घराची वाट विसर." तू गेल्यावर मी तेवढ्यावर थांबलो नाही. धर्माच्या अंगणात जाऊन त्याच्या बायकोदेखत त्याला नको ते बोलून आलो. तो भात वारवत होता. त्याने सूप खाली ठेवलं आणि सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाला, "पानी पिऊन जा." मी तसाच निघून आलो.

आणि परळला गेलो नाही. कुणी विचारलं तर मी भीतीचं कारण सांगतो, पण तुला खरं सांगायला बसलो आहे. भीती होतीच. त्याहून मोठं कारण हे की ते तू सांगितलं होतंस. ज्या पोरीने माझं ऐकलं नाही तिचं मी का ऐकू, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. तू पत्रातून दोनदा विचारलंस तेव्हा मी उत्तर पाठवलं, 'दाखवून आलो, डॉक्टर म्हणाले उष्णता आहे, औषध दिलं आहे.' कसला डॉक्टर आणि कसलं औषध! त्या पत्राच्या वेळीही माझ्या गालात विडा होता.

पुढची दीड-दोन वर्षं मी त्या डागाशी लपाछपी खेळलो. आधी तिखट बंद झालं. मग तोंड पूर्वीसारखं उघडेना. तीन बोटं जायची तिथे दोन जाऊ लागली. मग जिभेवर जखम आणि डाव्या कानात ठणका. मी तुझ्या आईला सांगितलं की अक्कलदाढ त्रास देते. भाकरी दुधात कुस्करून खायचो. गेल्या सप्टेंबरात पापडीच्या बाजारात पानांच्या टोपल्या उतरवताना मी थुंकलो आणि रक्त पडलं. मागे धर्मा उभा होता. दीड वर्ष आम्ही एकमेकांना रस्ता चुकवत होतो. तो सरळ पुढे आला, माझी हनुवटी धरली आणि म्हणाला, "क्लेमेंटभाऊ, आ कर." माझं तोंड उघडेना. त्याने आपल्या भाजीची पाटी तिथेच दुसऱ्याच्या हवाली केली आणि मला डॉक्टरकडे नेलं. दुसऱ्या दिवशी परळला घेऊन जाणाराही तोच.

बाय, तू नर्स आहेस, तुला झाकून सांगण्यात अर्थ नाही. डाव्या बाजूचा जबडा काढला आहे. जीभ अर्ध्याहून जास्त काढली आहे. मानेतल्या गाठी काढल्या. जी पोकळी झाली ती भरायला माझ्या छातीचं मांस आणि कातडी, रक्तवाहिनीसकट, गळ्याखालून वर आणून तोंडात बसवली. ही पद्धत परदेशात चार-पाच वर्षांपूर्वीच निघाली आणि आपल्याकडे अगदी नवी आहे, असं डॉक्टर सांगत होते. आधी कपाळाची कातडी घ्यायचे. माझं कपाळ वाचलं म्हणून ते खूश होते, आणि रोज शिकाऊ डॉक्टरांचा घोळका माझ्या खाटेपाशी आणून माझं तोंड दाखवायचे. मी चांगला नमुना होतो. फक्त एक गोष्ट त्यांनी आधी सांगितली नव्हती. छातीची कातडी ती, तिच्यावर केस उगवतात. महिन्याभराने माझ्या तोंडात आतून केस यायला लागले. एक डॉक्टर चिमट्याने ते काढायचा आणि आम्ही दोघेही दुसरीकडे बघायचो.

त्यानंतर सहा आठवडे किरणांचा शेक. खोलीचं दार एवढं जाड की बंद झालं की बाहेरचा आवाजच तुटतो. पलंगावर डोकं पट्ट्याने बांधायचे, सगळे बाहेर जायचे, आणि ते यंत्र घरघरायला लागायचं. हलायचं नाही. ओरडायचं म्हटलं तरी ओरडायला काही नव्हतं. काही मिनिटांचंच काम, पण पहिल्या दिवशी मला वाटलं की हे लोक मला विसरून घरी गेले. खरं सांगतो, ती खोली संपली तरी माझी सुटका झाली नाही. डोकं चालतं, कान चालतात, हात चालतात, मनात शब्द आधीपेक्षा जास्त येतात आणि सगळे दाताच्या आत अडतात. तुझी आई पाठमोरी असली तर तिला हाक मारता येत नाही. भांडं वाजवावं लागतं. मे महिन्यात क्रुसापाशी माळेची प्रार्थना वीस वर्षं मी सांगत होतो. आता मी मागे उभा राहतो आणि लोक मागे वळून बघायचं टाळतात, तेही मला दिसतं. मिस्सात फादर ओस्तीचा, त्या पवित्र भाकरीचा, एक कण पाण्यात भिजवून माझ्या उजव्या गालात ठेवतात. लाळ सुकली आहे, तरी बाकीचं जेवण बाहेर सांडतं, म्हणून मी एकटाच जेवतो.

धर्मा सहाही आठवडे माझ्याबरोबर होता. पहिल्या दिवशी मी पाटीवर लिहून त्याला विचारलं, का येतोस. त्याला वाचायला वेळ लागला. मग म्हणाला, "पोरांचं पोरं बघतील. आधी तुझं तोंड बघू." मी त्यालाही शपथ घातली, जयरामला कळवायचं नाही. त्याने ती पाळली, पण मला सुनावूनच. म्हणाला, "तुझ्या पोरीने इचारलं तं काय सांगशील? का तिच्यापासून मरून पन लपशील?"

हॉस्पिटलात एक बाई यायच्या. पेशंट नव्हेत, संशोधन करणाऱ्या. तोंडाच्या कॅन्सरचे लोक डॉक्टरकडे इतके उशिरा का येतात, याचा त्या अभ्यास करत होत्या. हातात लांबलचक फॉर्म. विडा कुठल्या बाजूला धरायचात, किती वर्षं, झोपताना तोंडात असायचा का. पान नुसतं असतं तर एवढं झालं नसतं, त्यातली तंबाखू आणि सुपारी घात करते, असं त्यांनीच सांगितलं. मग विचारलं, पहिल्यांदा डाग कधी लक्षात आला? मी पाटीवर लिहिलं, 'दोन महिने.' त्यांनी फॉर्मवर उतरवून घेतलं. तुझी आई माझ्या पायाशी बसली होती, ती चादर नीट करत राहिली. बाई कागद आवरता आवरता म्हणाल्या, आता काही भागांत आमचे लोक खेड्यापाड्यांत घरोघर जाऊन तोंडं तपासतात, डाग डाग असतानाच सापडला तर हे सगळं करावं लागत नाही. त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. मी खाटेवर वाटी आपटली. त्या परत आल्या. मी पाटी पुसून लिहिलं, 'दोन महिने खोटं. जवळजवळ दोन वर्षं.' त्यांनी खोडून नीट लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला, दाखवायला कुणी सांगितलं होतं का? मी लिहिलं, 'मुलीने.' मग विचारलं, तरी का नाही आलात? त्या प्रश्नाखाली चार ओळी मोकळ्या होत्या. मी पाटी उलटी करून मांडीवर ठेवली. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. त्या चार ओळींत जे लिहायचं होतं ते आज तुला लिहितो आहे.

तुला का कळवलं नाही, असं तू विचारशील. नोकरी टाकून धावत येशील म्हणून, असं मी आईला सांगत आलो. ते अर्धंच खरं. तू आलीस की माझ्या तोंडात एकदा बघशील आणि तुला कळेल की हे दोन महिन्यांचं दुखणं नाही, आणि ते 'उष्णता' लिहिलेलं पत्र तुझ्याकडे जपून ठेवलेलं असेल. तुझं खरं निघालं होतं. ते तुझ्या तोंडावर कबूल करण्यापेक्षा मला हे कोंडून राहणं सोपं वाटलं.

आता परवाच्या रविवारचं. बॅप्टिस्टकाकांच्या घरी तुझा फोन आला. त्यांची सून धावत बोलवायला आली. तू आईला सांगितलंस की पंधरा जूनला तुम्ही तिथेच नोंदणी पद्धतीने लग्न करणार, पण त्याआधी एकदा तुला माझ्याकडून ऐकायचं आहे. आई म्हणाली, बाबा वाडीत गेलेत. तू म्हणालीस, दर वेळी वाडीतच कसे, ते तिथेच आहेत, दे त्यांना. मी आईच्या हातून फोन घेतला. तुझा आवाज अडीच वर्षांनी ऐकत होतो. तू म्हणालीस, "बाबा, मी परवानगी मागत नाही. पण तुम्ही नुसतं बोला माझ्याशी." मग थांबलीस. मी जोर लावला. जो आवाज निघाला तो ऐकून बॅप्टिस्टकाकांची नात घाबरून आत पळाली. तू म्हणालीस, "असं खेकसता माझ्यावर अजून? कळलं मला." आणि फोन ठेवलास. आई रिसीव्हर हातात घेऊन रडत राहिली आणि मी भिंतीकडे बघत.

बाय, ऑपरेशननंतर एक बाई मला बोलायला शिकवतात. त, द, ल, र ही अक्षरं आता येणार नाहीत, त्यांना जिभेचं टोक लागतं. म्हणजे तुझं नाव मला पुन्हा कधीच घेता येणार नाही. पण नुसत्या गळ्यातून निघणारे एक-दोन शब्द येतात, त्यांच्यावर मी सहा महिने मेहनत केली आहे. परवा मी तुझ्यावर खेकसलो नाही. मी 'हो' म्हणालो होतो. तू परवानगी मागितली नव्हतीस तरी म्हणालो, आणि तू फोन ठेवल्यावरही दोनदा म्हणालो. तार केली असती तर लवकर पोचली असती, पण तारेतून नुसता होकार गेला असता आणि तू त्यावर विश्वास का ठेवावास? म्हणून हे सगळं आधी. काल मी आणि धर्मा फादरांकडे गेलो होतो. दोघं वेगवेगळ्या धर्मांचे असले तरी बिशपांची परवानगी घेऊन आपल्या देवळात लग्न लागू शकतं, असं ते म्हणाले. त्या परवानगीच्या अर्जाचा कागद सोबत जोडला आहे, त्यावर बाप म्हणून माझी सही आहे. पाहिजे तर वापरा, नाहीतर तिकडेच लग्न करून या. पत्र पंधराच्या आत पोचेल की नाही ते मला माहीत नाही. गाठी पुन्हा येतात की नाही हे कळायला डॉक्टर दोन वर्षं लागतील म्हणतात, म्हणून फार उशीर करू नका. आलीस की दारात माझा चेहरा बघून दचकशील. दचक, पण आत ये.

तुझाच,
बाबा