नऊ अंगठे, एक सही

अंबरनाथ पश्चिम,
१५ नोव्हेंबर १९८८

ती. शशिकांतमामांस,
हेमचंद्रचा साष्टांग नमस्कार. इथे सगळे धडधाकट, माईचे गुडघे सोडून. पद्मजामामींचा खोकला थांबला का? (खाणीच्या धुळीचा नाही असं तुम्ही म्हणता, म्हणजे नसेलच.)

तर मामा, तुम्ही लिहिलंत, तिकडे चंद्रपूरला कोळशाच्या खाणीवर दहा माणसं पाठव, ठेकेदाराला सांगून तुला ऑफिसात चिकटवतो. जवळची माणसं कापणीला पळतात, लांबची टिकतात, हा तुमचा सिद्धांत. म्हणून दसऱ्याला इथल्या शेजारच्या चिखलोली गावचे चौघे पाठवले. अकराव्या दिवशी चौघेही विळा घेऊन शेतात हजर! (चंद्रपूरहून विदाउट तिकीट आले.) त्यांतल्या नाथाला म्हटलं, अरे, पगार सोडून? तर म्हणतो, "मंग भात काय तुजा मामा कापनार?"

कापणी उरकल्यावर चिखलोलीला परत गेलो. देवळासमोर तासभर बोललो. क्वार्टर, बोनस, डोक्यावरचा दिवा. (दिव्यावर मीच एवढा खूश झालो की एक कादंबरी सुचली. पहिल्या ओळीपर्यंत.) सगळे माना डोलवत होते. मग मी शाईचं पॅड काढलं आणि अख्ख्या सभेने हात पाठीमागे नेले. कौसाबाई म्हातारी पुढे आली. "माज्या सासऱ्यानं असाच अंगठा दिलेला. तितं आता रंगाचा कारखाना हाय." म्हटलं, आजी, हा जमिनीचा कागद नाही, नोकरीचा आहे. "मंग पयली सही तू कर. तुजं काय जातंय ते बगू."

केली ना! झोकात, पहिल्या रकान्यात, पूर्ण नावानिशी. तरी अंगठा एकाचाही नाही. कोरा फॉर्म बरा दिसत नाही म्हणून तसाच टपालात टाकला.

काल खाणीचं रजिस्टर पत्र आलं. हेमचंद्र, एक तारखेला हजर व्हा. काम, कोळसा भरणे. माई लगेच माझ्या प्रवासाच्या चकल्यांना लागली. उल्हासनगरच्या साडीच्या दुकानात मी नऊ दिवस होतो, शेठ म्हणाला, "साईं, तू टिकता ही नहीं," तेव्हापासून ती या चकल्या बांधून द्यायची वाट बघतेय.

तुमचा भाचा,
हेमचंद्र

ता. क. माझं नाव खोडा. पत्राचं कारण एवढंच.

ता. क. २. पाकीट चिकटवणार तेवढ्यात कौसाबाई नऊ गडी घेऊन दारात. तुला खरंच बोलावलं, म्हणजे कागद खरा, म्हणे. नवांनी अंगठे दिले. अट एकच, पुढे मी. म्हणजे तुमचे दहा झाले.

ता. क. ३. नाव खोडायची घाई नको. डोक्यावरच्या त्या दिव्याच्या उजेडात लिहिता येतं का, तेवढं कळवा. जूनला लावणीला पळणार, हे नऊ जणांनी आत्ताच सांगून ठेवलंय. मला शेत नाही, त्यामुळे मी कधी पळेन ते सांगता येत नाही.