तेरसेच्या आत सातपाटी

२६ फेब्रुवारी २०२०, लेस्टर, इंग्लंड

...मग भाकऱ्या टोपलीत टाकल्या, राखेने तवा घासला, कोंबड्या हाकलल्या आणि चहाचा डबा घेऊन सातपाटीच्या बंदरावर गेले. हे होडीतून उतरत होते. म्हणाले, "चहा आणलास?" मी म्हटलं, "आधी मासळी दाखवा." एवढंच. काही विशेष सकाळ नव्हती. अशा कितीतरी झाल्या. पण इथल्या खिडकीशी उभी राहिले की नेमकी तीच दिसते.

ठराव : दुपारच्या जेवणाआधी ह्यांची आठवण काढायची नाही.

मी इथे आले ती सुजीत आणि उन्नतीचा संसार मार्गी लावायला. सुजीत बोईसरच्या कारखान्यातली लॅब सोडून इकडे आला, सून ऑफिसात. "आई, तू एकटी राहू नकोस," असं तो म्हणाला होता, पण मुलं मदत अशीच आडून मागतात.

ह्यांचं वर्षश्राद्ध २ एप्रिलला. तिकीट ३१ मार्चचं. सुजीतला रजा नाही, त्यामुळे पुतण्या धर्मेश पान ठेवेल. पण उभी राहून करवून घेणार मीच. धाकट्या जावेवर, मंजुळावर, सोडण्यासारखं हे काम नाही.

३ मार्च

चीनमधला आजार इथवर आला म्हणतात. सुजीत सारखा माझ्या हातावर कसलासा जेल ओततो.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं मासळी गुंडाळायच्या रद्दीवर वाचलं. त्यामुळे कुठल्याही विषयाचं मधलं पान मला पक्कं माहीत असतं. त्या आधारावर सांगितलं, मिठापुढे कुठलाच जंतू टिकत नाही. सुजीत म्हणाला, "आई, मीठ माशाला लावतात. माणसाला नाही."

बोईसरच्या केमिकलमध्ये राहून पोराचा मिठावरचा विश्वास उडाला.

५ मार्च

टंचाई होणार म्हणून लोक दुकानं रिकामी करत आहेत. उन्नतीने पास्ता भरला. पास्ता. मी बांगडे आणले, चिरले, मीठ भरलं. इथे ऊन नाही, पण खोलीत गरम लोखंडी जाळी असते, रेडिएटर. त्यावर ओळीने मांडले. माझी युक्ती. कुणाला सुचली नव्हती.

६ मार्च

शेजारच्या नर्मदाबेन, नवसारीकडच्या, शाकाहारी. त्यांनी गॅसवाल्यांना फोन केला. दोन माणसं मशीन घेऊन आली आणि घरभर फिरली. गॅस कुठेच गळत नाही, असा त्यांनी निर्वाळा दिला, म्हणजे माझंच खरं ठरलं. मग एकाने रेडिएटर पाहिला आणि खिडकी उघडली.

उन्नती म्हणाली, "आई, पडदे धुवायला टाकते." स्वतःहून म्हणाली. कामाला लागली म्हणायची. माझी संगत.

१० मार्च

काल होळी. मंजुळाने फोनवर आमची होळी दाखवली. मग म्हणाली, "बाय, भाऊजींची तेरस एकवीसला हाय. तुमी एकतीसला निघनार. आमी काय पान उचलून परत ठेवायचं?"

मी म्हटलं, मला माहीत आहे.

माहीत नव्हतं. ह्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर इंग्रजी तारीख आहे, तीच मी सुजीतला सांगितली होती. जन्मभर तिथीवर जगले मी. तेरस म्हणजे उधाण भरायला लागणार, अवसेला जोर, अष्टमीला पाणी मंद. तिथी बघायला कॅलेंडर लागलं नाही कधी, बंदरावर जाऊन पाणी बघितलं की झालं. इथे समुद्र कुठे? नळाला भरती येत नाही.

चूक सुजीतची. त्याने विचारायला हवं होतं.

११ मार्च

सुजीतला १४ तारखेचं तिकीट मिळत होतं. मी १९चं घ्यायला लावलं. २०ला घरी, २१ला श्राद्ध. १४ला निघाले तर मंजुळाला वाटेल, सुनेकडे पटलं नाही म्हणून पळून आली. मी गावात सांगितलंय की ही दोघं मला सोडायलाच तयार नाहीत.

१३ मार्च

उन्नती म्हणाली, "आई, उद्याचं अजून मिळतंय. ऐका, उद्या जा." सुनेची घाई लक्षात ठेवली.

सुजीत म्हणाला, "आई, विमानं बंद होतील." मी म्हटलं, एवढं मोठं विमान, ते काय सातपाटी-पालघर एसटी आहे, ड्रायव्हर आला नाही म्हणून रद्द व्हायला?

बॅग मात्र भरून ठेवली. ह्यांच्या फोटोला घालायला इथून चंदनाच्या काड्यांचा हार घेतलाय. नर्मदाबेननी दुकान दाखवलं. माझ्या जाण्याने त्यांना बराच आनंद झालेला दिसला.

१७ मार्च

उद्यापासून इथून भारतात विमान नाही. आपल्याच पासपोर्टवाल्यांनाही नाही.

सुजीत दिवसभर फोन लावून होता. मी म्हटलं, हो बाजूला, तुला जमायचं नाही. धर्मेश पालघरला कलेक्टर ऑफिसात शिपाई आहे. त्याला फोन लावला. सांगितलं, साहेबांना सांग, सातपाटीची एक बाई अडकली आहे, तिचं काम आहे.

धर्मेश म्हणाला, "काकी, आमच्या सायबांचा हुकूम विमानाला लागत नाय. सायब पन आता तोंडाला फडकं बांधून बसलेत."

ओळख वापरायची अक्कल लागते.

१८ मार्च

सुजीतने दुबईवरून जाता येईल का पाहिलं. नाही. सिंगापूरवरून. नाही. तो एकदाही म्हणाला नाही की मी सांगत होतो. म्हणाला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

२० मार्च

मंजुळाला फोनवर सगळं सांगितलं. बोंबील भाजायचा, तळायचा नाही. वडे आदल्या दिवशीचे नकोत. "हाव बाय," म्हणाली. दर वेळी तेवढंच.

तसा तिच्या हाताला यश नाही. मला ठाऊक आहे उद्या काय होणार. कावळा शिवणार नाही. मी तिथे नाही हे ह्यांना खपणार नाही. सगळे हात जोडून उभे राहतील, आणि मग मी फोनवरून शब्द देईन : विमान सुरू झालं की पहिली मी येते. तेव्हा शिवेल. वाक्य पाठ करून ठेवलं.

२१ मार्च

मंजुळाच्या मुलीने, हिमानीने, फोन धरला होता. धर्मेशने पान ठेवलं. भात, वडे, भाजलेला बोंबील. सगळं जिथल्या तिथे. मी घसा साफ केला.

धर्मेशचा हात पानावरून निघायच्या आत कावळा बसला. बोंबील उचलून गेला.

मंजुळा रडायला लागली, आनंदाने. "बाय, शिवला. बघता बघता शिवला. भाऊजींचा जीव कशात नाय अडकला. तुमी काळजी नका करू, आमी हाव ना." मागून कुणीतरी म्हणालं, "असं शिवावं." मग हिमानीचा हात अवघडला आणि फोन बंद झाला.

सातपाटीचे कावळे निलाजरे. बंदरावर वाढलेले. कुणाचंही पान उचलतील. शिवाय बोंबील भाजलेला होता, मी सांगितलं म्हणून.

सुजीत शेजारी बसला होता. म्हणाला, "आई, चांगलं झालं ना?" मी म्हटलं, हो, चांगलं झालं.

ह्यांनी थोडं तरी थांबायचं होतं.

२२ मार्च

आज उशिरा उठले. उन्नतीला पहिल्यांदाच विचारलं, भात किती लावू. ती म्हणाली, दीड वाटी. दीड वाटी लावला.