गोठ्याची पूर्वेकडची भिंत

लिहून ठेवणार : संयोगिता आकाराम जमदाडे, वय ७२, अविवाहित, निवृत्त प्राध्यापिका (प्राणिशास्त्र), राहणार पलूस, जि. सांगली.

मी हे पूर्ण शुद्धीवर, स्वतःच्या अकलेने आणि कोणाच्या दाबाखाली न येता लिहून ठेवत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो कोर्टापेक्षा माझा धाकटा भाऊ राजवर्धन याच्यासाठी आहे, कारण ताईचं डोकं फिरलंय असे तो गावभर सांगत असतो. डोके जागेवर आहे; हृदय मात्र फार दिवस साथ देणार नाही. ते थांबले की माझ्या गोठ्यावर जेसीबी येईल, हे मला पक्के ठाऊक आहे. तो येऊ नये यासाठी हा खटाटोप.

कलम १. वाटणीत माझ्याकडे आलेली उसाची जमीन, विहिरीतल्या हिश्श्यासह, मी राजवर्धनला देते. मायेपोटी देते असे त्याने समजू नये. जमीन उपयोगाची, तोही उपयोगाचा माणूस, दोघांचे जमेल. राहते घर त्याचा मुलगा वीरधवल याने घ्यावे. आईच्या पाटल्या राजवर्धनच्या बायकोला, मंगलवहिनीला द्याव्यात. माझा डोळा चुकवून तिने त्या घालून बघितलेल्याच आहेत, त्यामुळे मापाची अडचण येणार नाही.

कलम २. घरामागचा गोठा मी वरच्या देण्यातून वगळला आहे. तिथे आता जनावर नाही. त्याच्या पूर्वेकडच्या भिंतीवर कुंभारीण माश्या चिखलाची मडकी करतात. माशी आत एक अंडे टांगते, नांगी मारून लुळ्या केलेल्या अळ्या भरते, तोंड लिंपते आणि निघून जाते. वडूजच्या कॉलेजात नोकरीला होते तेव्हा सुट्टी लागली की मी इथे येऊन ती भिंत बघत बसायचे. निवृत्तीनंतर रोज बघते. कशासाठी बघते, तर बघावेसे वाटते म्हणून. यापेक्षा मोठे कारण माझ्याकडे कधीच नव्हते आणि त्याची मला लाज वाटत नाही.

वीरधवलच्या लग्नात मंडपाला शोभा यावी म्हणून राजवर्धनने गोठ्याला रंग दिला. मी परीक्षेच्या कामाला वडूजला अडकले होते. रंगाऱ्यांनी, मी पेन्सिलीने आकडे घातलेली सगळी मडकी खरवडली, घमेल्यात भरली आणि उकिरड्यावर नेऊन टाकली. मी आल्यावर रडले, हे सगळ्या वऱ्हाडाने बघितले. तेव्हा राजवर्धन म्हणाला, "चिखलच हुता की गं ताई. त्याचा काय उपयोग?" हे मी त्याला माफ केलेले नाही, आणि मेले म्हणून माफ झाले असेही धरू नये.

हा गृहस्थ घरात लोळत मोबाईलवरून विहिरीची मोटर चालू करतो. तारेतून काय वाहते ते ज्यांनी निव्वळ कुतूहलापोटी बघितले, त्यांना त्या वेळी असाच कोणी भाऊ आडवा आला असता, तर हा आज मोट हाकत असता. हे मी त्याला जेवताना अनेकदा सांगितले. त्याने दर वेळी भाजी वाढून घेतली.

कलम ३. वडूजच्या आमच्या संस्थेचे अध्यक्ष भाऊसो यांना माझ्याकडून काहीही देऊ नये. भर सभेत त्यांनी मला, मॅडम, ह्या माश्यांचा समाजाला उपयोग काय, असे विचारले आणि सभा हसली. पुढच्याच महिन्यात माझी निम्मी प्रयोगशाळा संस्थेच्या जाहिरातींच्या कामाला गेली. ते मी गिळले. पण काही वर्षांनी परदेशातल्या कोणी भूल देण्याच्या औषधावर काम करताना अळ्या लुळ्या कशा पडतात या माझ्या जुन्या निरीक्षणाचा आधार घेतला, पेपरात चार ओळी आल्या, आणि हेच भाऊसो शाल-नारळ घेऊन दारात उभे राहिले. मी त्यांना उंबऱ्याबाहेरूनच परत पाठवले. उपयोग निघाला म्हणून काम चांगले ठरले, हे मला मान्य नाही. तो कधी निघेल, कुठे निघेल, निघेल की नाही, हे बघणाऱ्याला आधी कळत नसते. ज्या समाजाला उपयोग दिसल्याशिवाय मान वर करून बघायचे नाही, त्याने दुसऱ्यांनी बघितलेले जन्मभर विकत घ्यावे आणि वर आपल्याच पोरांना नावे ठेवावीत. माझ्या शोकसभेत भाऊसोंनी भाषण करू नये. केल्यास माइक बंद करावा, खर्च माझ्या ठेवींच्या व्याजातून घ्यावा.

कलम ४. बँकेतल्या माझ्या ठेवी मोडू नयेत. दरवर्षीचे व्याज सातारा-सांगलीतल्या एका विद्यार्थ्याला द्यावे, आणि माझा सूक्ष्मदर्शक वर्षभर त्याच्याकडे ठेवावा. अर्जात विद्यार्थ्याने फक्त स्वतःला पडलेला एक प्रश्न लिहावा. ज्या अर्जात समाजोपयोगी हा शब्द आढळेल तो वकील लालासाहेब यांनी फाडावा. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे कामही त्यांचेच. ते कुरकुरतील, पण करतील.

कलम ५. गोठा, भिंतीसह, वीरधवलची बायको पूजा हिला देते. वाचताना राजवर्धनला ठसका लागेल, लागू दे. पूजा मला आवडत नाही हेही इथे नोंदवते. ती भांडी आपटते, फोनवर बोलली की गल्लीला ऐकू जाते, आणि घरात पोरं आहेत, माश्या डसतील, म्हणून तिने मला नाही नाही ते ऐकवले आहे.

मागच्या श्रावणात ती झाडू घेऊन गोठ्यात आली, ती भिंत साफ करायलाच. एक माशी मडक्याचा गळा वळवत होती. पूजा झाडू धरून तशीच उभी राहिली. मी खाटेवर होते. मडक्याचा गळा पुरा झाल्यावर तिने विचारले.

"आत्या, हिची आय कुठं असती?"

पिल्लू बाहेर पडायच्या आत ती बहुधा मेलेली असते, मी सांगितले.

"म्हंजे हिनं आयला कवा बघितलंच न्हाई. मग मडकं करायला हिला शिकवलं कुणी?"

याच प्रश्नापायी मी त्या भिंतीसमोर म्हातारी झाले. उत्तर मला माहीत नाही, जगात कोणालाही पुरते माहीत नाही, असे मी तिला सांगितले. उत्तर नाही म्हटले की माणसे उठून जातात, हे मी कॉलेजात आयुष्यभर बघितले. पूजा खाली बसली. दुसऱ्या दिवशी चूल पेटवायच्या आधी परत आली, आणि त्यानंतर येतच राहिली. आम्ही फारसे बोलत नाही.

गोठा देताना तिच्यावर कोणतीही अट घालत नाही. भिंत ठेवावी की पाडावी हे तीच ठरवेल, नवरा आणि सासरा यांनी तोंड घालू नये. ताईनं सुनेला नादी लावलं, असे राजवर्धन नक्की म्हणेल. म्हणून लेखी देते, की तिला मी काहीही शिकवलेले नाही.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि खालील दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली.

सही : संयोगिता आकाराम जमदाडे

साक्षीदार :
१. अर्जुना तातोबा कोळेकर, रा. पलूस (सही)
२. धोंडुबाई रामू मदने, रा. पलूस (सही)

ठिकाण : पलूस
दिनांक : ११ फेब्रुवारी २०२५