घोरपडीच्या तेलाची बाटली

आबा, ती बाटली तू फडक्यात गुंडाळून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली होतीस. घोरपडीचं तेल. पाड्यावर कुणाचे गुडघे धरले की तू त्याला चुलीजवळ बसवून दोन थेंब अंगठ्याने जिरवायचास आणि वर बजावायचास, "कामापुरतं शे, इकाले नही." अंडी घालायच्या दिवसांत तू कुणाला घोरपडीला हात लावू द्यायचा नाहीस. एक बाटली वर्षानुवर्षं पुरायची.

ती रावेरला न्यायला मीच सांगितलं. कॉलेजातल्या सरांचे गुडघे दुखायचे आणि मला त्यांच्या नजरेत भरायचं होतं. अशा तेलावर बंदी आहे हे मी वर्गात शिकले होते. तुला सांगितलं नाही.

सुट्टी संपवून आपण दोघं, आजा आणि नात, एसटीत शेजारी बसलोय. नाक्यावर जंगलखात्याचे दोघे चढतात, पिशव्या चाचपतात. एकाचा हात तुझ्या छातीपाशी थांबतो. तो बूच काढून वास घेतो. "कुणासाठी नेतोस रे म्हाताऱ्या?" तू एकदाच माझ्याकडे बघतोस. मी खिडकीबाहेर केळीच्या बागा बघते.

"मन्हा गुडघासाठे शे, साहेब."

मग तो मला विचारतो, "ताई, हा तुमच्यासोबत आहे का?"

"नाही," मी म्हणाले.

तू काठी उचललीस आणि त्यांच्यासोबत उतरलास. वळून पाहिलं नाहीस. मला ओळख द्यावी लागू नये म्हणून, हे फार उशिरा कळलं.

त्यांनी सोडल्यावर चौथ्या दिवशी तू घरी पोचलास. आईला म्हणालास, "पोर त्या बसमा नही व्हती." त्यानंतर कुणी गुडघा धरून आलं की तू नुसती वाळू तापवून शेकायचास. "तेल सरनं," म्हणायचास. कुठल्या जनावराचं काय घ्यायचं, किती, आणि कधी मुळीच नाही, हे तुला तुझ्या बापाने सांगितलं होतं. तू मला सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही. त्या दिवसाचा विषय निघेल म्हणून.

आता मी जळगावात शाळेत शिकवते. वन्यप्राण्यांच्या कायद्याचा धडा नीट शिकवते, तो कायदा चुकीचा नाही. तुझा नेमही चुकीचा नव्हता, हे मात्र वर्गात एकदाही म्हणाले नाही.

हे आईला वाचून दाखवावं असं वाटलं होतं. नाही दाखवणार. कारण अजून एक राहिलंय, आबा. बस सुटली तेव्हा मला रडू आलं नाही. शेजारची जागा रिकामी झाली होती, तिथे मी माझी पिशवी ठेवली आणि ऐसपैस बसले.