टेबलाखालची वकीलबाई

गुरुवार, ता. ९

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. तू आता ठणठणीत आहेस असं डॉक्टरांनी कोर्टात लिहूनच दिलंय, तेव्हा तब्येत विचारत नाही. इकडे सगळं ठीक. तुझ्या लेकीचा, ठकीचा, पुढचा दात पडला. शिवणाची कामं पुष्कळ आहेत.

सोमवारी निकाल. ठकी तुझ्याकडे की माझ्याकडे. मी हरकत घेतलीय हे तुला कळलंच असेल. तुझ्या आजारपणात दोन वर्षं तिचे डबे, ताप, पाढे मी सांभाळले, आणि आता तू आयत्या बिळावर नागोबा! हे तोंडावर बोलले नसते, म्हणून लिहिते.

पण खरा राग तुझा नाही. कोर्टाने ठकीसाठी वेगळी वकीलबाई नेमलीय, तिचा आहे. माझ्यासमोर मिठाची गुळणी धरून बसणारी पोर, ही बाई आली की बोलायची थांबत नाही. काल बाईंनी विचारलं, "कुठे बसू या आपण?" ठकी म्हणाली, "टेबलाखाली." माझ्या कापड बेतायच्या टेबलाखाली, काळ्या कोटासकट, बाई खरंच शिरल्या! वर मलाच म्हणाल्या, "जरा बाहेर थांबता का? दार लावून घ्या." दोन वर्षांत मला तिने तिथे एकदाही बोलावलं नाही गं.

दहा मिनिटांनी दार उघडून ठकी बाहेर आली. "मावशी, स्थैर्य म्हणजे काय?"

'मला मावशीकडे स्थैर्य मिळतं' हे वाक्य मीच तिच्याकडून आठवडाभर घोकून घेतलं होतं, रोज पाढ्यांनंतर. माझ्या वकिलाच्या अर्जातून उचललं होतं. आठ वर्षांच्या पोरीच्या तोंडी असला शब्द! अक्कल गहाण ठेवली होती मी.

वकीलबाई टेबलाखालून बघत होत्या. ओरडल्या नाहीत. "तुमचं म्हणणं मांडायला तुमचे वकील आहेत," म्हणाल्या, "मी हिचं मांडणार."

ते काय, हे त्यांनी मला सांगितलं नाही. जेवताना ठकीनेच सांगितलं. "मी बाईंना खरं सांगितलं. मला आईकडे जायचंय. तू रागावलीस?"

नाही म्हटलं. खोटं. फार जळले तुझ्यावर.

'माय मरो, मावशी उरो' म्हणतात ना? तू इस्पितळात पडून होतीस तेव्हा ही म्हण एकदा माझ्या मनात आली, आणि मी तिला लगेच हाकललं नाही. त्यानंतर तुला भेटायला येणंच जमेना. कामाचं निमित्त सांगायचे, ते निमित्तच होतं.

आज सकाळी माझ्या वकिलांना हरकत मागे घ्यायला सांगितलं.

ठकीने बाईंकडून आणखी एक लिहून घेतलंय: शाळेचे कपडे मावशीच शिवणार. तेव्हा मापं घ्यायला तिला दर महिन्याला पाठव. मापं काही दर महिन्याला घ्यावी लागत नाहीत, हे तुला माहीत आहे. तिला सांगू नकोस.

तुझी ताई,
ठकीची मावशी